अठरा मुठी सव्वा इंच

मिस हेस्टर लँगरिज आणि ऑल्बन टॅन्सली यांची पहिली भेट झाली, ती हेस्टरने त्याच्या डाव्या पोटरीत छत्री खुपसल्यामुळे. छत्री किती आत गेली यावरून राजाच्या पागेत पुढे कित्येक वर्षं तट पडले होते. मोतद्दार म्हणायचे, दोन इंच. कोचमन मंडळी म्हणायची, चांगली वीतभर. आणि स्वयंपाकघरातल्या मिसेस डॉब शपथेवर सांगायच्या की छत्रीचं टोक पलीकडून बाहेर आलं, त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही टॅन्सलीच्या तोंडावरची माशी हलली नाही. माशी खरोखरच बसलेली होती. नाकाच्या शेंड्यावर. एवढा तपशील मात्र सगळ्यांना मान्य होता.

खरी गोष्ट अशी, की ती पोटरी टॅन्सलीची नव्हतीच. ती घोड्याच्या केसांची होती. राजरथाच्या मागच्या फळीवर जे दोन हुजरे उभे राहतात त्यांचे पाय पांढऱ्या मोज्यांत भरदार दिसले पाहिजेत, असा पागेचा दंडक. ज्याला देवाने पोटऱ्या दिल्या नाहीत, त्याला पागेतला खोगीर शिवणारा शिवून देई. टॅन्सलीला देवाने उंची दिली आणि त्यानंतर हात आखडता घेतला. गुडघ्याखाली तो करकोचा होता.

बुधवारी दुपारी दोन ते चार लोकांना पागा बघायला सोडत. लंडनची निम्मी दुकानं बुधवारी अर्धा दिवस बंद, त्यामुळे दुकानातल्या बायका, त्यांच्या मावश्या, गावाहून आलेले मामा असे सगळे नटूनथटून येत. तांबूस कुमैत घोड्यांच्या ढुंगणाकडे आदराने बघत, पांढऱ्या घोड्यांपुढे आवाज खाली आणत आणि सोन्याच्या रथापाशी पोचले की आपोआप टोप्या काढत. रथ नुसता ठेवला तर गोदामातल्या कपाटासारखा दिसतो, म्हणून बुधवारी हुजऱ्यांना पूर्ण पोशाखात रथामागे उभं करायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही. हेस्टर बॅलमच्या एका दुकानात बटणं आणि लेस विकायची. तिने तीन मिनिटं टॅन्सलीचं निरीक्षण केलं आणि छत्री उचलली.

"मेणाचा आहे गं," ती मैत्रिणीला म्हणाली. "बघ, नुसता भुसा."

"मग पाय असा काय?" मैत्रीण म्हणाली. पोटरी सरकून पुढे नडगीवर आली होती.

"मिस," मेणाचा माणूस ओठ न हलवता म्हणाला, "छत्री काढाल का? काढताना जरा डावीकडे फिरवा. म्हणजे जागेवर येईल."

मैत्रीण किंचाळून घोड्यांच्या बाजूला पळाली. हेस्टर पळाली नाही. चौदा वर्षं गिऱ्हाइकांना बटणं दाखवलेली बाई कशालाच घाबरत नाही. तिने छत्री डावीकडे फिरवली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि विचारलं, "आता?"

"थोडी अजून. हां, बास."

"दुखलं का हो?"

"ती माझी नाही, मिस. एका जुन्या घोडीची आहे."

यानंतर हेस्टर दर बुधवारी येऊ लागली. वर्षभर हा प्रणय असा चालला की ती रथाच्या दारावरच्या सोनेरी सिंहाकडे बघून बोलायची आणि टॅन्सली समोरच्या भिंतीकडे बघत, ओठ न हलवता उत्तरं द्यायचा. बघणाऱ्यांना वाटे, बाई सिंहाशी बोलते आहे, आणि सिंह घशात बोलतो आहे. महिन्यातून एक रविवार त्याला सुट्टी असे. पहिल्या रविवारी चहाच्या दुकानात तो तोंड हलवून बोलला तेव्हा हेस्टर अस्वस्थ झाली. "तुमचे ओठ हलताना कसंतरीच दिसतं," ती म्हणाली. "पण होईल सवय."

सवय व्हायला लग्न व्हायला हवं होतं, आणि तिथेच सगळं अडलं होतं. फळीवरचा हुजऱ्या अविवाहितच लागतो. तो तबेल्यावरच्या खोलीत राहतो, खालच्या घोड्यांच्या टापांच्या तालावर झोपतो आणि त्यांच्याच वासाचा होतो. लग्न करायचं तर नोकरी सोडायची. हेस्टरला बेक्सहिलला समुद्रकाठी मावशीचं चहाचं दुकान चालवायला मिळत होतं. मावशीने मार्चअखेरची मुदत दिली होती.

"मी एकटीही चालवीन," हेस्टर सिंहाला म्हणाली. "पण मला दोघांनी चालवायचंय. तू ट्रे घेऊन उभा राहिलास की गिऱ्हाईक परत जाणार नाही."

"मार्चपर्यंत सुटतो," भिंतीकडे बघत टॅन्सली म्हणाला.

आता इथे ह्यूबर्ट क्रीवबद्दल सांगायला हवं. क्रीव म्हणजे टॅन्सलीची जोडी. पागेत एकटा असा कुणी नसतोच. घोडे जोडीने विकत घेतात, जोडीने जुंपतात. रंग एक, चाल एक, उंची एक. मागे उभे राहणारे हुजरेही तसेच. घोडा जसा जमिनीपासून खांद्यापर्यंत मुठींनी मोजतात, चार इंचांची एक मूठ, तसेच हुजरेही त्याच घोडे मोजायच्या काठीने मोजले जात. पागेचे मुख्य मिस्टर स्पॉफर्थ यांच्या वहीत सोळा वर्षांपूर्वीची नोंद होती: टॅन्सली, अठरा मुठी सव्वा इंच. क्रीव, अठरा मुठी सव्वा इंच. त्या नोंदीने दोघांचं जे लग्न लागलं ते चर्चमधल्या लग्नापेक्षा पक्कं होतं. बोलाचाली नव्हती एवढंच. नऊ वर्षांपूर्वी कुठल्याशा परदेशी राजदूताच्या स्वागताला फळीवर कुणीतरी शिंकलं. कोण शिंकलं हे त्या दोघांनाच माहीत होतं आणि दोघांना वेगवेगळं माहीत होतं. तेव्हापासून क्रीव पेपरमिंट चघळत गप्प, टॅन्सली पेपरमिंटचा वास घेत गप्प. एका फूटभर रुंदीच्या फळीवर, खांद्याला खांदा लावून, नऊ वर्षं.

टॅन्सलीला हे सगळं सोडून सहज जाता आलं असतं, जर त्या हिवाळ्यात बिशप नावाचा कुमैत घोडा पोटशुळाने मेला नसता. बिशपची जोडी मस्टर्डशी. जोडीचा दुसरा घोडा मिळेना, तेव्हा मस्टर्डला धोब्याच्या गाडीला जुंपलं. तिथे तो एकटाच दोन दांड्यांच्या मध्ये चालायचा, पण चालताना सारखा उजवीकडे सरकायचा. डावीकडची जागा बिशपसाठी सोडायचा. धोब्याची गाडी रोज फाटकाच्या उजव्या खांबाला घासून बाहेर पडायची. टॅन्सली वरच्या खिडकीतून ते बघायचा आणि न्याहारीचा पाव तसाच खिडकीत राहायचा.

जानेवारीत तो हिय्या करून मिस्टर स्पॉफर्थसमोर उभा राहिला.

"साहेब, मी जायचं म्हणतो."

"कुठे? परसाकडे? मग विचारतोस काय, जा की."

"तसं नाही साहेब. कायमचा. लग्न करायचंय."

मिस्टर स्पॉफर्थ वाईट माणूस नव्हते. घोड्यांशी बोलताना त्यांचा आवाज लोण्यासारखा असे, माणसांसाठी फारसं लोणी उरत नसे, इतकंच. "जा," ते म्हणाले. "दाराला काय कुलूप आहे? आनंद आहे. फक्त जाता जाता क्रीवला सांगून जा की उद्यापासून त्याची जागा बॉयलरच्या तळघरात. एकटा हुजऱ्या फळीवर उभा करून मी काय करू? लोकांना वाटेल दुसरा वाटेत पडला."

"दुसरा मिळेल की साहेब क्रीवला."

"तू मिळायला अकरा महिने लागले होते. अविवाहित, पाठ ताठ, अठरा मुठी सव्वा इंच, आणि दारू न पिणारा. आण एखादा. आणलास तर त्याच दिवशी मोकळा."

टॅन्सली सरळ क्रीवला सांगायला गेला. क्रीव भट्टीपाशी बसून स्वतःच्या कोटाची बटणं घासत होता. शेहेचाळीस वर्षांचा माणूस. बसलेला असला की एक हात कमरेवर. टॅन्सली समोर जाऊन उभा राहिला, तोंड उघडलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा क्रीव आधी बोलला.

"तुझं तिसरं बटण सुटतंय," तो म्हणाला. "काढ कोट. टाका घालून देतो."

टॅन्सलीने कोट काढून दिला. क्रीवने दोऱ्याला मेण लावलं, चार टाके घातले, दात लावून दोरा तोडला. बटण आता बॉम्ब पडला तरी सुटणार नव्हतं. त्यानंतर 'तू बॉयलरवर जा' असं त्याला कोण सांगणार? टॅन्सलीने थँक्यू म्हटलं आणि वर जाऊन पलंगावर बसला. खाली मस्टर्ड एकटाच पाय आपटत होता.

"तो शिंकणारा माणूस आहे," हेस्टर पुढच्या बुधवारी सिंहाला म्हणाली. "तूच सांगितलंस."

"शिंकणारा आहे. पण टाका घट्ट घालतो."

"मग दुसरा शोधू. माझ्याकडे टेप आहे."

दुकानातली टेप तिच्या पर्समध्ये कायम असे. पण किती उंचीचा माणूस शोधायचा? टॅन्सलीला क्षणभरही विचार करावा लागला नाही. क्रीवची उंची म्हणजे आपलीच उंची, हे तर पागेतल्या उंदरालाही ठाऊक होतं. त्याने खोलीत भिंतीला टेकून स्वतःची उंची मोजली आणि आकडा तिला दिला. पागेबाहेरचा कुणीही माणूस असता तर म्हणाला असता, एकदा त्या दुसऱ्यालाही मोजा. पागेतला माणूस असं म्हणत नाही. जोडीतल्या एकाला मोजलं की दोन्ही मोजले.

मग हेस्टरने लंडनमधल्या उंच पुरुषांना जो ताप दिला त्याला तोड नाही. बुधवारी पागा बघायला आलेल्या प्रत्येक लंब्या माणसाला ती गाठायची. "जरा सरळ उभे राहता का? पाठ मोजते. नाही, शिंपी नाही मी, आवड आहे." एका पाद्र्याला तिने दाण्याच्या कोठीला टेकवून मोजलं, तो दोन इंच जास्त भरला आणि तिला आशीर्वाद देऊन गेला. एक पोलीस बरोबर भरला, पण त्याला चार मुलं होती. एक डॅनिश खलाशी सर्व बाबतीत योग्य होता, फक्त दुपारी तीन वाजता तो स्वतःच्या पायावर उभा नव्हता. टॅन्सली फळीवरून हे सगळं बघायचा, मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यांनी. त्याला डोळेदुखी लागली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या बुधवारी लेनर्ड बिगलो सापडला. सिनेमागृहाच्या दारात लाल कोट घालून उभं राहायची नोकरी होती त्याची. थिएटर बंद पडलं, कोट मालकाने काढून घेतला, आणि हा पागेत आला कारण घोड्यांपाशी ऊब असते. वय सत्तावीस. अविवाहित. दारू नाही, त्याची आई पिऊ देत नाही. हेस्टरने टेप धरली, वाचली, पुन्हा वाचली आणि सिंहाकडे वळून म्हणाली, "ऑल्बन, बरोबर सव्वा."

टॅन्सलीने संध्याकाळी बिगलोला फाटकाबाहेर गाठलं. "उभं राहता येतं ना?"

"तेवढंच येतं," बिगलो म्हणाला.

"मग ऐक. ही मरेपर्यंतची नोकरी आहे. जेवण, पोशाख, खोली. तुला कुणी काढणार नाही. शब्द देतो."

"आईला सांगू?"

"सांग. सगळ्यांना सांग."

बिगलोच्या आईने डेप्टफर्डमधल्या सबंध गल्लीला सांगितलं. दोन बहिणींनी उरलेल्या दोन गल्ल्यांना सांगितलं.

सोमवारी सकाळी खरारा उरकल्यावर मिस्टर स्पॉफर्थ काठी घेऊन अंगणात आले. मोतद्दार, कोचमन, मिसेस डॉब, सगळे हात पुसत जमले. टॅन्सलीने रात्रीच पेटी भरून ठेवली होती. बिगलोला भिंतीशी उभं केलं. अठरा मुठी सव्वा इंच. मिस्टर स्पॉफर्थ खूश झाले, म्हणजे त्यांनी नाक पुसलं.

"आता क्रीव, शेजारी उभा राहा. बूट काढ."

"बूट कशाला साहेब?" क्रीव म्हणाला. "सोळा वर्षं वहीत आहे की."

"घोड्याचे नाल वजा करतो मी. तू काय घोड्याहून मोठा?"

क्रीव हलला नाही. मग खाली बसला, कमरेवर हात ठेवून, हळूहळू, आणि बूट काढले. डाव्या बुटातून वर्तमानपत्राची एक जाड घडी निघाली. उजव्यातून एक. त्यातली एक उलगडून अंगणात पडली, तिच्यावर चार वर्षांपूर्वीच्या घोड्यांच्या शर्यतीचा निकाल होता. कुणी हसलं नाही. मिसेस डॉबसुद्धा.

काठीवर क्रीव अठरा मुठी अर्धा इंच भरला.

"कधीपासून?" मिस्टर स्पॉफर्थनी विचारलं.

"पाठ खचतेय साहेब. आधी एक पान घालायचो."

मिस्टर स्पॉफर्थनी बिगलोकडे बघितलं, क्रीवकडे बघितलं, आणि मग टॅन्सलीला बोटाने खूण केली. टॅन्सली बूट काढून बिगलोशेजारी उभा राहिला. अठरा मुठी सव्वा इंच. केसाचाही फरक नाही. सोळा वर्षांत त्याचं काही म्हणजे काहीच बदललं नव्हतं.

"शाबास टॅन्सली," मिस्टर स्पॉफर्थ म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात माणसासाठी लोणी आलं. "जोडी आणलीस. क्रीव, तुला बॉयलर झेपणार नाही. म्हातारे घोडे ठेवतो त्या कुरणावर फाटकवाला हवाय. झोपडी आहे, कोंबड्या पाळायला जागा आहे. शनिवारी जा. मस्टर्डलाही घेऊन जा, माझा खांब वाचेल."

क्रीवने बूट घातले, घड्या न घालता. ते त्याला आता सैल होत होते.

"साहेब," टॅन्सली म्हणाला, "मी जाणार होतो. तुम्ही म्हणालात, आणलास की मोकळा."

"क्रीवसाठी आणलास तर. हा क्रीवशी जुळत नाही, तुझ्याशी जुळतो. पण माझी ना नाही. जा. फक्त याला सांगून जा." त्यांनी काठीने बिगलोकडे दाखवलं. "एकटा काय कामाचा मला?"

टॅन्सलीने बिगलोकडे बघितलं. बिगलो ताठ उभा होता, सांगितल्याशिवाय हलायचं नाही हे त्याला आधीपासूनच येत होतं. खिशातून आईने बांधून दिलेल्या सँडविचचा कागद डोकावत होता. त्याने फक्त नजर वळवली आणि ओठ जवळजवळ न हलवता विचारलं, "काही चुकलं का माझं?"

"नाही," टॅन्सली म्हणाला. "तुझं काही नाही चुकलं."

तो वर गेला आणि त्याने पेटी रिकामी केली. त्याला फार वेळ लागला नाही.

बुधवारी हेस्टर आली. आदल्या शनिवारी तिने नोकरीचा राजीनामा दिला होता आणि ट्रेसुद्धा बघून ठेवला होता. टॅन्सलीने भिंतीकडे बघत तिला सगळं सांगितलं. ती सिंहाकडे बघत ऐकत होती. शेजारी बिगलो नव्या पोशाखात उभा होता, भरलेल्या पोटऱ्यांची अजून सवय न झालेला, आणि तिथे नसल्यासारखा दिसायचा जीव तोडून प्रयत्न करत होता.

"आणखी एक शोधता येईल," टॅन्सली म्हणाला. "बिगलोसाठी. टेप आहे ना?"

"टेप आहे," हेस्टर म्हणाली. "पण मी आता नाही मोजणार. बिगलोसाठी आणला की त्याला बहीण असेल. त्याच्यासाठी आणला की त्याला आजी असेल, आणि तुझा पाय काही निघायचा नाही."

"मग काय करू मी?"

"चालत बाहेर ये. फाटक उघडं आहे. मी आत्ताच त्यातून आले."

पाठीमागे शाळेतल्या मास्तरणींचा एक घोळका येऊन उभा राहिला होता. एकीने विचारलं, "यातला खरा कोणता?" दुसरी म्हणाली, "दोन्ही खोटे असतील." टॅन्सलीच्या कानशिलाजवळून घामाचा थेंब खाली उतरत होता आणि त्याला तो पुसता येत नव्हता. त्याच्या पायात काही खिळे नव्हते. फळी जमिनीपासून दोन फूटही उंच नव्हती. उतरायला एक पाऊल लागलं असतं, आणि शेजारी बिगलोचा श्वास त्याच्या श्वासाच्या तालावर चालला होता. दोनच दिवसांत जमला होता ताल. चांगली जोडी होती.

"हेस्टर," तो म्हणाला.

"हं."

त्याची नजर समोरच्या भिंतीवरच होती. मग तिने हातमोजे घातले, छत्री काखेत मारली आणि निघाली. ती डावीकडे गेली, घोड्यांच्या रांगेवरून, आणि डोळ्यांचा कोपरा जिथवर पोचतो तिथवर तो तिला बघत राहिला. त्यापुढे बघायला मान वळवावी लागली असती. फरशीवर तिच्या टाचांचा आवाज बराच वेळ येत होता. मग एक कुमैत पाय आपटू लागला आणि तो आवाज त्यात गेला.

चार वाजता घंटा झाली. बिगलोने हळूच विचारलं, "आता हलायचं का?"

"हल," टॅन्सली म्हणाला.

क्रीव कुरणावरून दर महिन्याला पत्र पाठवायला लागला. नऊ वर्षं तोंडात दाबून ठेवलेलं सगळं तो लिहायचा: कोणती कोंबडी अंड्यावर बसली, मस्टर्डने कुंपण कसं मोडलं, पाठ आता कशी बरी आहे. 'इथे वेळच वेळ आहे,' असं तो लिहायचा, 'तूही ये कधी रविवारी.' टॅन्सली पत्रं वाचून पेटीत ठेवायचा. गेला मात्र नाही. रविवारी तो झोपून असायचा.

हेस्टरने मार्चच्या अठ्ठावीस तारखेला बेक्सहिलला दुकान उघडलं आणि ऑगस्टमध्ये तिथल्या एका गॅसमीटर तपासणाऱ्याशी लग्न केलं. टॅन्सली पागेत आणखी एकोणीस वर्षं होता.